स्पोर्ट्स कारचे लाल शेरे

गाडीला काय झालंय हे विचारायला गेलो होतो. काय झालेलं नाही, एवढंच विचारलं असतं तर दुपार वाचली असती.

तक्रार तशी किरकोळ होती. डावीकडे वळताना गाडी 'कुंई' असा आवाज करायची. उजवीकडे वळताना करायची नाही. मी दातांचा डॉक्टर आहे. 'एकाच बाजूला दुखतंय' म्हणणाऱ्या माणसांची मला सवय आहे. अशा माणसाला मी घाबरवत नाही, खुर्चीत बसवतो आणि तोंड उघडायला सांगतो. त्याच भोळ्या विश्वासाने मी गाडी कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये नेली आणि तिचं बॉनेट उघडून दिलं.

गाडी लाल आहे, दोनच सीटांची आहे आणि तिचा टप बटण दाबलं की मागे सरकतो. म्हणजे, आधीच्या मालकाच्या वेळी सरकत असे. आता तो अर्ध्यावर जाऊन विचारात पडतो. तिला कुणी 'जुनी' म्हटलेलं मला खपत नाही. तोंडात एकही दात नसलेल्या पेशंटलासुद्धा आम्ही 'जुना' म्हणत नाही.

एका दातांच्या डॉक्टरला स्पोर्ट्स कार कशाला, हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला की मी उत्तर देणं सोडून दिलं. खरं उत्तर मी कुणालाच दिलं नव्हतं, बायकोलासुद्धा नाही. आमचं लग्न झाल्यापासून ती दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत टेबलाशी बसते. समोर सुजलेले गाल, आतून ड्रिलचा आवाज. इतक्या वर्षांत तिने सुट्टी अशी घेतलेलीच नाही, कारण सुट्टीच्या दिवशी लोकांचे दात जास्त दुखतात. एकदा तरी टप उघडून, तिला शेजारी बसवून, जिथे कुणाचंच काही दुखत नाही अशा रस्त्यावरून वाऱ्यासारखं न्यावं, एवढीच माझी इच्छा होती. गाडी घरी आली त्या दिवशी तिने चष्मा नाकावर खाली घेऊन गाडीभोवती एक फेरी मारली आणि सांगितलं, "हिची सगळी दुरुस्ती झाल्याशिवाय मी हिच्यात बसणार नाही." बसायची गोष्ट दूर, तिने दाराला हातसुद्धा लावला नाही.

सर्व्हिस सेंटरमध्ये मला एक सल्लागार नेमून देण्यात आला. निळा टाय, छातीशी धरलेला टॅब आणि वाईट बातमी देताना आम्ही लोक आणतो तसा सोज्ज्वळ चेहरा. त्याने मला काचेच्या खोलीत बसवलं आणि यंत्रातली कॉफी दिली. काचेपलीकडे माझी गाडी चार खांबांवर उचलली गेली होती. चारचौघांत तिला असं खालून बघणं मला जरा अवघड वाटलं, म्हणून मी मासिक चाळायला घेतलं.

थोड्या वेळाने सल्लागार आला, माझ्या शेजारी टेकला आणि टॅब माझ्याकडे वळवला. यादीत तीन रंग होते. लाल म्हणजे ताबडतोब बदला, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, हिरवा म्हणजे ठीक. माझ्या गाडीची यादी मिरच्यांच्या टोपलीसारखी दिसत होती. ब्रेक लाल. सस्पेन्शनची रबरं लाल. इंजिनाचा पट्टा, पाण्याचे पाइप, टपाची मोटर, वायपर, सगळं लाल. बॅटरी पिवळी. बरंच खाली सरकवल्यावर एक हिरवी ओळ आली. ती भोंग्याची होती.

"भोंगा उत्तम आहे, सर," तो म्हणाला. मला बरं वाटावं म्हणून म्हणाला असावा.

मग त्याने एक व्हिडिओ लावला. गाडीखालच्या अंधारात कुणाच्या तरी हातातला टॉर्च फिरत होता आणि हातमोजा घातलेलं एक बोट एका रबराला हलवून दाखवत होतं. रबर हललं. मी खचलो. आणि खचता खचताच माझ्या लक्षात आलं की हे काम मीही रोज करतो. माझ्याकडे एक बारका कॅमेरा आहे. तो तोंडात घालून मी पेशंटला त्याचीच दाढ समोरच्या पडद्यावर दाखवतो. स्वतःची दाढ टेबलाएवढी मोठी दिसली की भल्याभल्यांचा धीर सुटतो. मग मी हळू आवाजात म्हणतो...

"सक्ती नाही, सर," सल्लागार हळू आवाजात म्हणाला. "पण मी तुमच्या जागी असतो तर करून घेतलं असतं."

माझंच वाक्य! शब्दही तेच, 'पण'च्या आधीचा तो दमसुद्धा तोच. आपल्या घरातला शर्ट परक्या माणसाच्या अंगावर दिसावा, तसं मला झालं. रागही आला आणि त्याला तो चांगला दिसतोय हे कबूलही करावं लागलं.

"आणि ते 'कुंई'?" मी विचारलं. "मी ज्याच्यासाठी आलो ते?"

त्याने यादी वर-खाली केली. "ते नॉर्मल आहे, सर."

मी काहीही करून घ्यायला नकार दिला. रोज दुसऱ्यांना जे सांगतो ते स्वतः ऐकून फसेन तर मी डॉक्टर कसला? त्यावर त्याने माझ्यापुढे एक कागद ठेवला. 'वरील धोके मला समजावून सांगण्यात आले असून मी गाडी स्वतःच्या जबाबदारीवर नेत आहे.' खाली सहीची जागा. आता, असल्या कागदावर सही करायची नसते हे जगात कुणाला ठाऊक असेल तर मला. दाढ काढण्याआधी मी हाच कागद लोकांपुढे ठेवतो आणि ते मुकाट्याने सही करतात. मी पेन बंद केलं आणि ताठ होऊन म्हणालो, "मी सही करणार नाही. गाडी धोकादायक आहे असं तुमचं म्हणणं आहे ना? मग तुमच्या जबाबदारीवर घरी पोचवा."

हा माझ्या बुद्धिमत्तेचा विजय होता. फक्त ते गाडी कशी पोचवतील, याचा विचार मी केला नव्हता.

त्यांनी ती ट्रकवर घालून पाठवली. संध्याकाळी, सगळी सोसायटी खाली असताना. मुलं सायकली चालवत होती, मंडळी बाकावर बसली होती, आणि फाटकातून पिवळा दिवा फिरवत एक ट्रक आत आला. त्याच्या पाठीवर साखळ्यांनी बांधलेली माझी लाल स्पोर्ट्स कार होती आणि ड्रायव्हरशेजारी, मांडीवर पिशवी घेऊन, मी. गाडी उतरवताना एवढी शांतता होती की एका लहान मुलाने आईला विचारलेलं सगळ्यांना ऐकू गेलं, "ती मेली का?"

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी वर आले. आमचे सेक्रेटरी म्हणजे सज्जन माणूस. वाईट कुणाचं चिंतत नाहीत, पण नियम दिसला की त्यांच्या तोंडाला पाणी सुटतं. त्यातून त्यांच्या जावयाने नुकतीच मोठी गाडी घेतली होती आणि ती ठेवायला जागा नव्हती. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही, हे त्यांनी न विचारता सांगितलं.

"डॉक्टर, पार्किंगची जागा वाहनासाठी असते," ते म्हणाले.

"मग ते वाहनच आहे."

"होतं. काल ते दुसऱ्या वाहनावर बसून आलं. जे वाहनावर बसून येतं ते सामान. आपल्या नियमात सामान पार्किंगमध्ये ठेवता येत नाही. मी काल झोपण्यापूर्वी वाचून काढलं."

"मग मीसुद्धा त्याच ट्रकवर बसून आलो. मी कोण?"

त्यांनी यावर खरोखर विचार केला. "तुम्ही पार्किंगमध्ये राहत नाही," ते शेवटी म्हणाले.

हुज्जत घालून घालून एवढं ठरलं की रविवारी सकाळी कमिटीसमोर गाडीने मालकासह स्वतःच्या चाकांवर फाटक ओलांडून दाखवावं. दाखवलं तर जागा माझी. नाही तर जागा जाणार. आणि जागा गेली की गाडीही जाणार, कारण रस्त्यावर उघड्यावर ठेवायला तिचा टप नीट बंदही होत नव्हता. सेक्रेटरींनी हा ठराव लगेच कागदावर उतरवला, स्वतः सही केली आणि लिफ्टमध्ये चिकटवला. येता-जाता सगळी बिल्डिंग तो वाचायची आणि माझ्याकडे, ऑपरेशनला नेतात त्या माणसाकडे बघावं तसं बघायची.

आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त ग्रंथपाल राहतात. आयुष्यभर दुसऱ्यांना पुस्तकं शोधून दिल्यामुळे त्यांना कुठलीही गोष्ट स्वतःजवळ ठेवता येत नाही. त्यांनी माझ्यासारख्याच गाड्यांच्या मालकांचा एक इंटरनेटवरचा समूह शोधून काढला, त्यात माझं नाव घातलं आणि रोज संध्याकाळी येऊन मला वाचून दाखवायला लागले.

"एक जण लिहितो, 'मीही या आवाजाकडे दुर्लक्ष केलं. पुढच्या आठवड्यात वळणावर माझं डावं चाक माझ्या पुढे निघून गेलं.'"

"मग?"

"मग काही नाही. त्याने नंतर लिहिलेलंच नाही."

बायको आतून म्हणाली, "काका, चहा घ्या आणि दुसरं काहीतरी वाचा."

मी सल्लागाराला फोन करून पाहिला. यादीतलं नेमकं काय केलं तर गाडी सुरक्षित होईल, एवढंच मला हवं होतं. तो म्हणाला, लाल सगळंच. मी म्हणालो, सगळ्यात लाल कुठलं? तो म्हणाला, कंपनीच्या पद्धतीत लालचे प्रकार नसतात. मी त्याच्या साहेबांना मागितलं. साहेबांनी मला सल्लागाराकडे परत पाठवलं आणि सल्लागाराने भोंगा उत्तम असल्याची पुन्हा आठवण करून दिली. माझ्या नाकी नऊ आले. वाईट याचं वाटत होतं की त्या यादीत काहीतरी खरं असणार हे मला कळत होतं. काय ते कळत नव्हतं. पेशंट नुसते 'हो हो' म्हणून घरी जातात आणि परत येत नाहीत, ते का, हेही मला पहिल्यांदाच कळलं.

आणि मग दोन दिवसांनी बायकोने आतल्या खोलीचं दार किलकिलं करून सांगितलं, "अहो, तुमचा टाय आलाय."

"माझा टाय?"

"निळा. गालाला रुमाल लावून बसलाय."

तो सल्लागारच होता. उजवा गाल भाजलेल्या पावासारखा फुगलेला. त्याच्या ओळखीत दातांचा डॉक्टर एकच, तोही गिऱ्हाईक म्हणून भेटलेला. माझं कार्ड त्यांच्या कागदपत्रांत होतंच. तो आत आला, माझ्याकडे बघून दाराशीच थबकला. परत फिरावंसं त्याला वाटलं असणार, पण दाढेने त्याला पुढे ढकललं. मी त्याला खुर्चीत बसवलं, खुर्ची वर उचलली आणि तोंडात कॅमेरा घातला.

खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. असा आनंद डॉक्टरला शोभत नाही, पण झाला.

पडद्यावर त्याची दाढ उगवली. मी हातमोज्याच्या बोटाने ती हलवून दाखवली. "ही शेवटची खालची गेली. शेजारची आतून पोकळ होतेय. वर दोन जुनी भरणं गळतायत. ही एक वाकडी आहे, ती पुढे त्रास देणार. शिवाय हिरड्या."

त्याच्या कपाळावर घाम आला. "हे सगळं... आज?"

मी त्याच्याकडे वाकलो आणि हळू आवाजात म्हणालो, "सक्ती नाही."

तो पांढराफटक पडला. या वाक्याचा पुढचा भाग त्याला तोंडपाठ होता. बाहेर बायको कुणाला तरी फोनवर उद्याची वेळ देत होती.

"सर," तो शेवटी म्हणाला, "खरं सांगा. मी तुमच्या पाया पडतो. यातलं खरंच करायला हवं असं काय आहे?"

"आधी तुम्ही सांगा. माझ्या यादीतलं खरं काय?"

"आधी तुम्ही, सर. माझं दुखतंय."

"माझं रविवारी दुखणार आहे."

तोंड उघडं ठेवून भांडता येत नाही, आणि बंद केलं की मला काम करता येत नाही, त्यामुळे ही चर्चा फार लांबू शकली नाही. शिवाय त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. सूड घ्यायचा तर माणूस निदान उभा तरी असावा. खुर्चीत आडवा पडलेला, गळ्यात कागदी रुमाल बांधलेला माणूस बघून माझा राग ओसरला. मी त्याला बधिर करायचं इंजेक्शन दिलं आणि सांगून टाकलं, "एकच. ही शेवटची. बाकीच्या अजून काही वर्षं कुठे जात नाहीत. नीट घासत जा."

त्याने डोळे मिटले. एवढा निःश्वास मी त्या खुर्चीत कधी ऐकला नव्हता. मग त्याला बोलायचं होतं, पण आता जीभ त्याच्या मालकीची राहिली नव्हती. त्याने एक बोट वर केलं. मी म्हणालो, "हो, एकच." त्याने 'नाही' अशी मान हलवली आणि पुन्हा बोट वर केलं. मग तो उजवा पाय झाडायला लागला. पुढे दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा.

दुखत असलं की पेशंट पाय झाडतात. मी त्याला आणखी एक इंजेक्शन दिलं.

तो जास्तच जोरात पाय दाबायला लागला. डोळे विस्फारलेले, तोंडातून नुसतं 'अँ अँ'. मी तिसऱ्या इंजेक्शनची तयारी करत होतो तेवढ्यात बायको दारात आली, एक क्षण त्याच्याकडे बघत उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, थांबा. तो ब्रेक दाबतोय."

सल्लागाराने दोन्ही हात जोडून तिला नमस्कार केला.

मी दाढ काढली आणि त्याने ब्रेक बदलून दिले. त्याच आठवड्यात, साहेबांना न विचारता, बाकी एकाही लाल ओळीला हात न लावता. त्याने तोच धोक्यांचा कागद माझ्यापुढे केला आणि मी सही केली. त्याच्या उजव्या गालावर अजून सूज होती, त्यामुळे तो अर्धाच हसला, पण ते अर्धं खरं होतं.

गाडी मी स्वतः चालवत घरी आणली. काय सांगू! टप अर्ध्यावर अडकलेला, केस उडतायत, वळणावर 'कुंई' होतंय आणि तेही कानाला गोड लागतंय. मोठ्या रुबाबात मी फाटकातून आत शिरलो. भर दुपार होती. आवारात चिटपाखरू नव्हतं. ट्रकवरून आलो तेव्हा ज्यांनी ज्यांनी पाहिलं होतं ते सगळे झोपले होते. मी भोंगा वाजवून पाहिला. कुणीतरी खिडकी लावून घेतली.

रविवारपर्यंत गाडी जागेवरच उभी होती. मी मात्र रोज संध्याकाळी दवाखान्यातून आलो की खाली जाऊन तिच्यात बसायचो. दिवे लावायचो, रेडिओ लावायचो, शेजारच्या रिकाम्या सीटवर हात पसरून बसायचो. यादीत बॅटरी पिवळी होती आणि पिवळ्याचा अर्थ 'लक्ष ठेवा' असा होता. मी रोज तासन्‌तास लक्षच ठेवत होतो.

रविवारी सकाळी मी किल्ली फिरवली तेव्हा गाडी अजिबात बोलली नाही. साधा 'टक'सुद्धा नाही. भोंगासुद्धा गेला होता.

कमिटी जमली होती. मागे अर्धी सोसायटी. सेक्रेटरींनी फाटकाच्या बाहेर खडूने एक आडवी रेषा मारली होती, आणि रेषेपलीकडे, सगळं नीट दिसावं म्हणून, रस्त्याच्या मधोमध खुर्ची टाकून ते फाइल मांडीवर घेऊन बसले होते. जावई बाजूला मोठ्या गाडीत इंजिन चालू ठेवून थांबला होता.

ग्रंथपाल केबल घेऊन धावले. "बॅटरी कुठे असते?"

"डिकीत."

"डिकी उघडा."

"ती विजेवर उघडते."

"मग वीज?"

"बॅटरीत."

ग्रंथपालांनी चष्मा काढून पुसला. एवढ्या वर्षांत त्यांना न सापडलेली ही पहिलीच गोष्ट असावी. सेक्रेटरींनी रेषेपलीकडून हाक मारली, "डॉक्टर, राहू द्या. सामान ते सामान." लोक हसले. माझे कान तापले. मी स्टिअरिंग धरून बसून राहिलो.

बायको गर्दीच्या कडेला उभी होती. सेक्रेटरींना काय अवदसा आठवली कोण जाणे, ते तिच्याकडे वळून म्हणाले, "वहिनी, तुम्हीच सांगा यांना. तुम्ही तरी बसता का हो त्यात?"

आता, मला हसायचा हक्क जगात एकाच माणसाचा आहे. बायकोने पर्स काखेत घट्ट मारली, गर्दीतून चालत आली, दार उघडलं आणि माझ्या शेजारी बसली. इतके दिवस जी सीट मी हाताने भरून काढत होतो त्या सीटवर ती बसली. समोर बघत म्हणाली, "काका, ढकला."

आमच्या जागेपासून फाटकापर्यंत आवाराला चांगला उतार आहे. ग्रंथपालांनी ढकललं, वॉचमनने ढकललं, आणि मग कुणाला ढकलायची गरजच राहिली नाही. गाडी स्वतःच्या चाकांवर निघाली. आधी हळू, मग बाकाच्या बाजूने जरा जोरात, मग झाडं मागे पळायला लागली. आवाज कसलाच नाही, नुसता वारा. मी मध्येच गिअर टाकून पाहिला. गाडीला एक उचकी लागली, इंजिन चालू झालं नाही, मी घाईने गिअर काढला. फाटक आलं. फाटकापलीकडे खडूची रेषा, आणि रेषेपलीकडे खुर्चीत बसलेले सेक्रेटरी मोठे मोठे होत चालले होते.

"अहो, ब्रेक," बायको म्हणाली.

इंजिन बंद असलं की ब्रेकचं पेडल दगड होतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी एक पाय दाबला. मग दुसराही दाबला. मग जवळजवळ उभा राहिलो. फाटक गेलं, रेषा गेली, आणि सेक्रेटरींच्या गुडघ्यांपासून वीतभर अंतरावर गाडी थांबली. हिसका नाही, घसरणं नाही. ठरवून थांबल्यासारखी थांबली.

सेक्रेटरींच्या मांडीवरची फाइल अलगद घसरून आमच्या बॉनेटवर आली.

त्यांनी खुर्चीतूनच बॉनेटकडे बोट दाखवलं. "पण... इंजिन चालू नव्हतं."

ग्रंथपाल धापा टाकत पोचले होते. त्यांनी बॉनेटवरची फाइल उचलली, ठराव काढला आणि तिथेच मोठ्याने वाचला. स्वतःच्या चाकांवर, मालकासह, फाटक ओलांडून. इंजिनाचा उल्लेख कुठेच नव्हता. सेक्रेटरींनी तो कागद हातात घेऊन स्वतः वाचला, उलटा करून मागची बाजूही पाहिली. नियमापुढे त्यांचंही काही चाललं नाही. त्यांनी खुर्ची उचलली आणि जावयाला हाताने 'जा' अशी खूण केली.

मी बायकोकडे पाहिलं. तिचा अंबाडा सुटला होता, चष्मा वाकडा झाला होता आणि माझ्या दंडात तिची नखं अजून रुतलेली होती. मला वाटलं, आता मी मेलो. पण ती हसत होती. दवाखान्यात फोनवर हसते तसं नाही, तोंडावर हात न धरता, सगळे दात दिसतील असं. तिच्या खालच्या एका दाताला हलकी चीर आहे हे मला, एवढी वर्षं तिचा नवरा आणि डॉक्टर असून, तेव्हा पहिल्यांदा दिसलं. मी ते बोललो नाही.

"गाडी वर न्या," ती म्हणाली.

"नेतील आता सगळे. आपली जागा राहिली गं!"

"जागेचं नाही म्हणत मी. मला परत यायचंय खाली. आणि तुम्ही उतरा, मी बसते त्या बाजूला. तुम्ही ब्रेक फार उशिरा दाबता."

ती स्टिअरिंगवर बसली. मी, ग्रंथपाल, वॉचमन आणि मघापर्यंत मला हसणारी सगळी मंडळी मिळून गाडी चढावर उलटी ढकलायला लागलो. अर्ध्या वाटेत खिशातला फोन वाजला. एका हाताने बॉनेट ढकलत मी दुसऱ्या हाताने तो कानाला लावला. सर्व्हिस सेंटरमधून एक मुलगी गोड आवाजात विचारत होती, "सर, आमच्या सेवेनंतर गाडी कशी चालतेय?"

"चालत नाही," मी धापा टाकत म्हणालो. "पण थांबते फार सुंदर."

"सॉरी सर, काय म्हणालात?"

मला तिला सगळं सविस्तर सांगायचं होतं. तेवढ्यात समोरच्या काचेमागून, दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसलेली माझी बायको ओरडली, "अहो, तो फोन ठेवा आणि ढकला!"